आपल्या अंगणातील निदण

पावसाळा सरतो, ऑक्टोबरचे ऊन तापू लागते आणि उपनगरांतील आपल्या धर्मग्रामांमध्ये एका जुन्या शिरस्त्याची आठवण होते. २ नोव्हेंबर, सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन, जवळ आलेला असतो. खुरपी, कोयते आणि झाडू घेऊन कुटुंबे दफनभूमीत जातात. आपापल्या माणसांच्या कबरींवर चार महिन्यांत माजलेले रान काढतात, क्रुसाला रंगाचा हात देतात, मेणबत्त्यांसाठी जागा करतात. आम्हीही लहानपणापासून या कामाला जात आलो आहोत. त्या वेळी वडीलधारी माणसे रान उपटता उपटता एकेका रोपाचे नाव सांगत : ही हरळी, हा आघाडा, हा टाकळा. टाकळ्याची कोवळी पाने आषाढात याच हातांनी खुडून भाजीला नेलेली असत. पण गाजरासारखे कातरलेले पान आणि तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुले असलेले एक रोप हाती आले की ती माणसे थबकत. ‘हे आमच्या वेळेला नव्हते,’ एवढेच म्हणत. संध्याकाळी घरी परतल्यावर ते रोप उपटणाऱ्यांच्या हातांना खाज सुटलेली असे.

‘आमच्या वेळेला नव्हते.’ या तीन शब्दांत इतिहासाचे एक प्रकरण दडलेले आहे. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या अंगणांत, वाड्यांत, विहिरींच्या काठांवर आणि दफनभूमींत जे रान माजते, त्यातील बराचसा भाग आपल्या पणजोबांनी पाहिलेला नव्हता. हे रान आले कोठून, आणि आपल्या जमिनीवर त्याला जागा दिली कोणी, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

घरचे झालेले पाहुणे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू नसते. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकून घेईपर्यंत सुमारे दोन शतके तेथे त्यांचा अंमल राहिला. त्या काळात पोर्तुगीज गलबतांतून अमेरिका खंडातील वनस्पती आपल्या किनाऱ्याला लागल्या. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू ही सारी त्या गलबतांची देणगी आहे. मे महिन्यात आपल्या ईस्ट इंडियन घरांच्या अंगणात गोणपाटावर लाल मिरच्या वाळत पडतात, मग त्या भाजून-कुटून बॉटल मसाला होतो आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरला जातो. आपल्या स्वयंपाकघराची ओळख असलेल्या या मसाल्यातील मिरची इ. स. १५०० पूर्वी या देशात कोणी पाहिली नव्हती. दफनभूमीच्या कोपऱ्यात उभा असलेला चाफा मध्य अमेरिकेतला. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. त्यांना आज कोणी परके म्हणत नाही.

याहून नवलाची गोष्ट अशी की, ज्या रोपाने आमच्या वडीलधाऱ्यांच्या हाताला खाज सुटे ते काँग्रेस गवतही त्याच मुलखाकडून आलेले आणि झेंडूच्याच कुळातले आहे. एक कूळ, एक माहेर. एकाला आपण तोरणात गुंफतो, दुसऱ्याला उपटून टाकतो. तेव्हा दोष जन्मस्थानाचा नव्हे. आलेला पाहुणा शेजाऱ्यांशी कसा वागतो, इतरांना वाढू देतो की नाही, हीच त्याची कसोटी. झाडाची पारख फळांवरून करावी असे प्रभू येशूने सांगितले आहे; मुळे कोणत्या मुलखातली आहेत, हे त्याने विचारलेले नाही.

घाणेरी : शोभेचे कुंपण

या निकषावर नापास झालेली पहिली पाहुणी म्हणजे घाणेरी. काही गावांत तिला टणटणी म्हणतात. ती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली, आणि तीही कौतुकाने. पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले एकाच गुच्छात, वर्षभर बहर, कुंपणासाठी दाट. साहेबांच्या बंगल्यांभोवती ती लावली गेली, आणि बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन बी रानोमाळ नेले. शोभेसाठी आणलेले झुडूप डोंगर चढले.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या वाचकांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना तिची दाट जाळी पाहिली असेल. या डोंगरांचे खरे झुडूप म्हणजे कारवी. ती बहुधा ८ वर्षांतून एकदा फुलते आणि तेव्हा उतार जांभळे होतात. कारवीच्या सरळ काठ्यांवर शेणमाती लिंपून आपल्या भागातील गरिबांच्या घरांचे कुड उभे राहत. घाणेरी जेथे माजते तेथे कारवीसारख्या झुडपांची कोवळी रोपे तिच्या सावलीत वर येऊ शकत नाहीत. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. दुष्काळात उपाशी गुराने खाल्लीच, तर यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते आणि जाळली तरी नव्या जोमाने येते. जाळून मोकळे होऊ पाहणाऱ्यांनी तिला अनेकदा अधिकच जागा करून दिली आहे.

जलपर्णी आणि पवई

दुसरी पाहुणी पाण्यावरून आली. मुंबईच्या पाण्यासाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, आणि त्यांच्या पाठोपाठ १८९१ मध्ये पवईचा. पवईचे पाणी मात्र पिण्यास योग्य ठरले नाही आणि तो पुरवठा लवकरच सोडून द्यावा लागला. याच दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांसाठी बंगालमध्ये आणली गेली. पुढे तिने तेथील नद्या-खाड्या अशा झाकल्या की होड्या चालेनात आणि भातशेती बुडू लागली. १९३६ मध्ये बंगाल सरकारला तिच्या नायनाटासाठी खास कायदा करावा लागला. एका फुलझाडाविरुद्ध कायदा करण्याची वेळ येणे ही साधी गोष्ट नव्हे.

पवईच्या तलावावर आज आपण तिचाच हिरवा गालिचा पाहतो. उन्हाळ्यात काठाशी उभे राहिले तर पाणी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हे कळत नाही. अनुकूल पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तळाशी पडलेले तिचे बी अनेक वर्षे जिवंत राहते. तिच्या खाली पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासळी मरते, डासांना आश्रय मिळतो. महानगरपालिका यंत्रे लावून ती काढते आणि ती पुन्हा वाढते. कारण उघड आहे. भोवतीच्या वस्तीचे सांडपाणी तलावात उतरते आणि त्यातील नत्र-स्फुरद हे जलपर्णीचे खत. ताट वाढून ठेवायचे आणि पाहुणी उठत नाही म्हणून कुरकुर करायची, असा हा प्रकार आहे.

काँग्रेस गवत आणि सुबाभूळ

तिसरा पाहुणा म्हणजे ज्याने या लेखाला आरंभ करून दिला ते गाजर गवत अथवा काँग्रेस गवत. ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले आणि पुढील दोन दशकांत देशभर पसरले. अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असा समज रूढ झाला आणि त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचे नाव त्याला चिकटले. कोलकात्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या १८१४ च्या यादीत मात्र त्याचा उल्लेख सापडतो. म्हणजे पाहुणा आधीच दाराशी येऊन गेला होता. गव्हाच्या पोत्यांनी फार तर त्याला नवी वाट दिली. एक मोठे रोप दहा हजारांहून अधिक बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीला चट्टे उठतात, परागांमुळे दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. त्याला खाणारा मेक्सिकोतील एक भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो खरा, पण एकट्या भुंगेऱ्याने हे काम पुरे होत नाही. टाकळा आणि त्याचे भाऊबंद जेथे दाट उगवतात तेथे काँग्रेस गवताला जागा मिळत नाही, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आजीने भाजीसाठी राखलेल्या टाकळ्याच्या कोपऱ्याचे मोल तिला ठाऊक नसेल. आज आपल्याला ते ठाऊक आहे.

चौथा पाहुणा तर आपण अक्षता देऊन बोलावला. मेक्सिकोच्या बाजूची ही बाभूळ स्पॅनिश लोकांनी फिलिपाइन्समध्ये नेली होती. आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकांत उरळीकांचन येथील मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने आणि पुढे शासकीय खात्यांनी तिच्या उंच वाणाचा प्रसार केला. हेतू चांगला होता. जनावरांना चारा, चुलीला सरपण, उजाड टेकड्यांना हिरवाई. नावही ‘सुबाभूळ’, म्हणजे चांगली बाभूळ. शेतकऱ्याने तिची नियमित छाटणी केली, शेंगा धरू दिल्या नाहीत, तर ती आजही चांगलीच आहे. पण शहरात तिला छाटणारे कोण? चपट्या तपकिरी शेंगा तडकतात, चकचकीत बी पडते आणि गटाराच्या कडेला, भिंतीच्या फटीत, बंद घराच्या ओटीवर ती उगवते. २००० साली जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी आगंतुक प्रजातींची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत घाणेरी, जलपर्णी आणि सुबाभूळ या तिघींचीही नावे आहेत.

विलायतेतील एक धडा

त्याच यादीत आणखी एका वनस्पतीचे नाव आहे आणि तिची कथा आपल्याला बोध देणारी आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. तेथे घर विकत घेताना कागदपत्रांत एक प्रश्न विचारला जातो : या जागेत जपानी नॉटवीड आहे काय? बांबूसारखी पोकळ, गाठींची खोडे असलेली ही वनस्पती जपानमधील ज्वालामुखींच्या उतारांवर वाढते. सीबोल्ड नावाच्या जर्मन वैद्याने ती युरोपात आणली. १८४७ मध्ये हॉलंडमधील उत्रेख्त येथील उद्यानविद्या संस्थेने वर्षातील सर्वांत लक्षवेधी नवी शोभेची वनस्पती म्हणून तिला सुवर्णपदक दिले. १८५० मध्ये ती लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचली आणि तेथून रोपवाटिकांच्या मार्गाने घरोघरी गेली.

सुवर्णपदकाची मानकरी शंभर-सव्वाशे वर्षांत गुन्हेगार ठरली. नखाएवढ्या मुळाच्या तुकड्यापासूनही ती पुन्हा उगवते, फरसबंदीच्या फटींतून वर येते. १९८१ च्या कायद्याने तिला मोकळ्या जागी लावणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा ठरला. अंगणात ती निघाली तर कर्ज देणाऱ्या संस्था हात आखडता घेतात आणि घराची किंमत उतरते. जपानमध्ये मात्र तिला खाणारे कीटक आहेत, तेथे ती आपल्या मर्यादेत राहते. माहेरी शहाणी असलेली सासरी अशी वागली, कारण सासरी तिला अडवणारे कोणी नव्हते. त्या देशाने निदान प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे घराच्या खरेदी-विक्रीत चटईक्षेत्र विचारतात, अंगणात काय उगवले आहे हे कोणी विचारीत नाही.

रिकामी जागा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या पाहुण्यांना आपल्या जमिनीवर जागा दिली कोणी?

साष्टीतील आपले पूर्वज शेतकरी होते. पावसाळ्यात भात, मग वाल आणि भाजीपाला, बांधावर ताड-माड. आजही ऑक्टोबरात आपण आगेऱ्याचा सण साजरा करतो, नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी नेऊन आशीर्वादित करून घेतो. पण कित्येक धर्मग्रामांत त्या लोंब्या आता दुसरीकडून आणाव्या लागतात. १९४९ पासून आरे दूध वसाहतीसाठी, पुढे विमानतळासाठी आणि औद्योगिक क्षेत्रांसाठी जमिनी गेल्या. काही कूळ कायद्यात गेल्या, तर काही १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या फाइलीत वर्षानुवर्षे अडकल्या. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत आली आणि शेताचे प्लॉट झाले. शेत पिकत असताना वर्षातून दोनदा बेणणी होई. प्लॉटची बेणणी कोणी करीत नाही. तो भाव वाढण्याची वाट पाहत पडून राहतो आणि रान काही वाट पाहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अंधेरीला सीप्झच्या आवारात आहे. कोंडिविटे येथे १५७९ मध्ये जेजुइटांनी संत जॉन बाप्तिस्ता यांच्या नावे चर्च उभारले. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव हवालदिल झाले, भाविकांनी ती वास्तू सोडली आणि धर्मग्राम मरोळला हलला. छप्पर गेले, भिंतींवर झाडोरा वाढला, दगडांच्या सांध्यांत मुळे शिरली. १९७३ मध्ये त्या परिसरात निर्यात क्षेत्र आले आणि चर्च कुंपणाच्या आत राहिले. अडीचशेहून अधिक वर्षे माणसांच्या प्रार्थनेने उभ्या राहिलेल्या भिंती माणसे गेल्यावर रानाच्या स्वाधीन झाल्या. भिंत पोखरणाऱ्या रानाला देशी-परदेशी असा भेद नसतो. त्याला पुरते ती मोकळी सोडलेली फट.

दुसऱ्याचे सांगतो तेव्हा आमचेही सांगितले पाहिजे. आमच्या घरामागे एक लहान वाडी होती, तीत एक विहीर. वडिलांच्या पश्चात वारस सहा, आणि सहांचे एकमत होईना. वाडीला कुलूप लागले ते अकरा वर्षे राहिले. ‘मी एकट्याने का साफ करावी?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठी होता, आमच्याही. कुलूप उघडले तेव्हा आत घाणेरीची भिंत होती आणि विहिरीच्या कठड्यातून मनगटाएवढी सुबाभूळ उभी होती. तिच्या मुळांनी चिरा सरकवल्या होत्या, अर्धा कठडा आत ढासळला होता. पुढच्या वर्षी घरात लग्न निघाले. उंबराच्या पाण्यासाठी बायका वाजतगाजत निघाल्या, त्या आमच्या दारावरून पुढे शेजाऱ्यांच्या विहिरीवर गेल्या. आमच्या आईचे पाणी त्याच विहिरीतून काढले होते, आजीचेही. त्या दिवशी आम्हां भावंडांपैकी कोणाला एकमेकांकडे पाहवेना. ती विहीर सुबाभळीने मोडली असे म्हणणे सोपे आहे. सुबाभूळ नंतर आली. कुलूप आम्ही लावले होते.

काय करता येईल

तरीही हताश होण्याचे कारण नाही. अनुभवाने आणि जाणकारांकडून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. काँग्रेस गवत फुलावर येण्यापूर्वी, पहिल्या पावसांनंतर माती मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्यांना दम्याचा किंवा कातडीचा विकार आहे त्यांनी या कामात पडू नये. घाणेरी नुसती छाटू नये. बुंध्याखालची मुळाची गाठ खणून काढावी, जाळू नये. सुबाभळीचे रोप वीतभर असतानाच उपटावे. ती मोठी झाली की १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा प्रश्न येतो, म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करून रीतसर परवानगी घ्यावी. शेंगा मात्र तडकण्याआधी उतरवता येतात. हौदातील किंवा कुंडीतील जलपर्णी काढली तर ती नाल्यात टाकू नये, उन्हात पूर्ण वाळवावी. एका वर्षात काम संपत नाही. जमिनीत बी शिल्लक असते, म्हणून निदान तीन-चार पावसाळे पुन्हा पुन्हा जावे लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोकळी झालेली जागा मोकळी ठेवू नये. कडीपत्ता, शेवगा, अडुळसा, तुळस, अळू, काहीही लावावे. काही नाही तर टाकळा येऊ द्यावा. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घराच्या निगेची सुरुवात आपल्या दारातल्या चार हात जमिनीपासून होते. धर्मग्रामाच्या युवक संघांनी वर्षातून एक रविवार दफनभूमीला आणि गावठाणाच्या विहिरीला दिला, तरी पुष्कळ होईल.

शुभवर्तमानात निदणाचा दाखला आहे. गव्हात निदण उगवलेले पाहून चाकर ते उपटू का म्हणून विचारतात, आणि धनी त्यांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. हा दाखला माणसांविषयी आहे, हे आपण विसरतो. माणसांच्या बाबतीत आपण उतावीळ असतो. कोण आपला, कोण उपरा, हे ठरवून लगेच उपटायला निघतो. आपल्या समाजानेही हा अनुभव घेतला आहे. याच मातीत शेते कसलेल्या आपल्या पूर्वजांना त्यांच्या श्रद्धेमुळे कित्येकदा परके ठरवले गेले. रानाच्या बाबतीत मात्र आपण कापणीपर्यंतच काय, अकरा अकरा वर्षे थांबतो. हे उलटे झाले पाहिजे. माणसांशी धनी वागला तसा धीर धरावा आणि अंगणात चाकरांची ती तत्परता दाखवावी. निदण पेरले गेले ते माणसे झोपेत असताना, हेही त्याच दाखल्यात सांगितलेले आहे.

या वर्षी कबरी साफ करताना सोबत एखादे लहान मूल असेल, तर त्याला प्रत्येक रोपाचे नाव सांगावे. हरळी, आघाडा, टाकळा, आणि हे काँग्रेस गवत. ‘आमच्या वेळेला नव्हते’ एवढे म्हणून आता भागणार नाही. ते कोठून आले आणि का टिकले, हे त्याला सांगितले, तर त्याच्या वेळेला ते थोडे कमी असेल.